क्रिएटिनिन उतरलं, पण काकांचे पाय उचलेनात

किडनीच्या एका पेशंटची ही केस लिहू का नको यावर बरेच दिवस अडून होते. पेशंटच्या घरच्यांनीच सांगितलं की ताई लिहा, अजून कुणाचं तरी वाचेल, म्हणून लिहितेय. ओळख पटेल असे बारीक तपशील बदललेत. मी स्वतः आयुर्वेदाची वैद्य आहे, बार्शीत १४ वर्षं दवाखाना आहे, त्यामुळे बाहेर उभं राहून आयुर्वेदावर दगड मारायचा म्हणून हे लिहिलेलं नाही. आमच्याच घरातली गोष्ट आहे आणि ती आमच्यातल्याच कुणीतरी नीट सांगायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

पेशंट ६१ वर्षांचे, एसटीत ड्रायव्हर होते, आता रिटायर. शुगर १६ वर्षांपासून, बीपी १० वर्षांपासून. स्टेअरिंगवर बसून बसून कंबर धरायची म्हणून दुखण्याच्या गोळ्या वर्षानुवर्षं खाल्लेल्या, मेडिकलमधून आणायच्या आणि घ्यायच्या, कुणाला विचारायचं नाही. ड्युटीवर लघवी लागू नये म्हणून पाणी कमी प्यायचं. किडनी एका कारणाने गेली असं म्हणता येत नाही पण शुगर, बीपी आणि त्या गोळ्या हे तिन्ही त्यात होते.

डिसेंबर २०२२ मधले रिपोर्ट असे होते: क्रिएटिनिन (किडनी बाहेर टाकते तो रक्तातला टाकाऊ पदार्थ) ४.१, ईजीएफआर (किडनी किती काम करते त्याचा अंदाज) १६, युरिया (प्रोटीन मोडल्यावर उरणारा टाकाऊ पदार्थ) ११८, पोटॅशियम ४.९, हिमोग्लोबिन ९.८, लघवीत प्रोटीन भरपूर. वजन ६८ किलो. ईजीएफआर १५ ते २९ म्हणजे चौथी स्टेज आणि १५ च्या खाली पाचवी, म्हणजे काका पाचवीच्या उंबरठ्यावर उभे होते. सोलापूरच्या नेफ्रॉलॉजिस्टनी, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांनी, स्पष्ट सांगितलं होतं की वर्षभरात डायलिसिस लागू शकतं, हाताचं फिस्टुलाचं (डायलिसिससाठी शीर आणि धमनी जोडायचं) ऑपरेशन आत्ताच करून ठेवूया. घरी आल्यावर दोन दिवस चूल पेटली नाही असं काकू सांगत होत्या. मग मुलाने मोबाईलवर शोधाशोध सुरू केली. पुढे काय झालं असेल ते तुम्हाला कळलंच असेल. "डायलिसिसशिवाय किडनी बरी", "९० दिवसांत क्रिएटिनिन नॉर्मल" असले व्हिडिओ एक बघितला की पुढचे दहा आपोआप समोर येतात.

जानेवारीत एका ठिकाणी दहा दिवसांचं शिबिर केलं. ठिकाणाचं नाव घेत नाही, घेऊन काही फायदा नाही. औषधं आणि शिबिर मिळून पाऊण लाख गेले, त्यासाठी काकूंच्या पाटल्या गहाण पडल्या. मार्चच्या सुरुवातीला रिपोर्ट केला तर क्रिएटिनिन ३.६! ईजीएफआर १६ वरून १८! घरात पेढे वाटले. मुलाने ते दोन्ही रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवून फोटो काढला आणि नातेवाईकांच्या ग्रुपवर टाकला. फिस्टुलाचा विषय अर्थातच बंद.

माझ्याकडे आले ते पाडव्याच्या दोन दिवस आधी, मार्च २०२३. तक्रार किडनीची नव्हतीच. काका म्हणले, "ताई, पाय उचलंना झालेत बघा. जिना चढताना मांड्यांत जीवच न्हाई. क्रिएटिनिन तर उतरलंय, मग ह्ये कशानं?" काकूंचं म्हणणं अशक्तपणा आहे, एखादं टॉनिक द्या, च्यवनप्राश वगैरे.

मी आधी वजन बघितलं. ५९ किलो. अडीच महिन्यांत नऊ किलो कमी, आणि घोट्यावर बोटाने दाबलं तर खड्डा पडत होता, म्हणजे सूज धरून ५९. खरं मांस त्याहून जास्त गेलेलं. शर्टाची बाही वर केली तर दंड माझ्या मनगटाएवढा वाटला. हा माणूस तीस वर्षं जुन्या गाड्यांची जड स्टेअरिंगं फिरवत होता.

इथे क्रिएटिनिनबद्दल जरा सविस्तर सांगते कारण सगळा घोळ इथेच होतो. क्रिएटिनिन किडनीत तयार होत नाही, ते स्नायूंच्या रोजच्या झिजेतून तयार होतं आणि किडनी ते बाहेर टाकते. आता स्नायूच अर्धे झाले तर क्रिएटिनिन तयारच कमी होणार, मग किडनी तेवढीच खराब असली किंवा आणखी बिघडली तरी रिपोर्टमधला आकडा खाली येतो. गल्लीतली दोन घरं रिकामी झाली आणि कचरा कमी दिसायला लागला म्हणून घंटागाडी नीट यायला लागली असं म्हणतो का आपण? ईजीएफआर पण त्याच क्रिएटिनिनवरून गणित करून काढतात, त्यामुळे तोही तसाच फसवतो. आणि ह्या केसमध्ये दुसरी खूण रिपोर्टमध्येच छापलेली होती, कुणी बघितली नाही. युरिया ११८ वरून १३१ झालेला. माणूस डाळ खात नाही, दूध घेत नाही, तर युरिया उतरायला पाहिजे, तो चढला म्हणजे शरीर स्वतःचंच मांस मोडून खातंय, किंवा किडनी आणखी बिघडलीय, किंवा दोन्ही. पेढे वाटले त्या दिवशी काकांची तब्येत डिसेंबरपेक्षा वाईट होती.

पोटॅशियम, जे किडनी थकली की रक्तात साठतं? मार्चच्या रिपोर्टमध्ये केलेलंच नव्हतं. पॅकेजमध्ये फक्त युरिया, क्रिएटिनिन आणि हिमोग्लोबिन.

मी म्हणलं घरातलं सगळं घेऊन या, गोळ्या, पुड्या, बाटल्या, स्वयंपाकघरातलं मीठसुद्धा. मुलगा गाडीवर जाऊन पिशवी घेऊन आला आणि टेबलावर ओतली. काढ्याच्या दोन बाटल्या, लेबलवर पुनर्नवा, गोखरू, वरुण आणि अजून सात-आठ नावं, दिवसातून दोनदा ४० मिली. चंद्रप्रभा दोन-दोन गोळ्या. एका प्लॅस्टिकच्या डबीत पांढरी पावडर, वर पेनने फक्त "क्षार, पाव चमचा २ वेळा". एक कागदी पुडी, आत विटकरी रंगाचं चूर्ण, वर काहीच लिहिलेलं नाही. कमी सोडियमवालं मीठ. आणि रोज सकाळी एक शहाळं, दुपारी जवाचं पाणी, संध्याकाळी भोपळ्याचा रस. जेवणात फक्त फळं आणि भाज्या, डाळ बंद, भाकरी एक. जुन्या गोळ्यांपैकी टेल्मिसार्टन चालू होतं कारण बीपीची गोळी सोडायला काका तयार झाले नाहीत, पण सोड्याच्या गोळ्या बंद केलेल्या, "आंतड्यांना त्रास होतो" म्हणून.

ती पांढरी डबी मी उघडून बघितली. पावडर कोरडी नव्हती, ओलसर, गठ्ठे झालेले, चमचा लावला तर चिकटत होता. ज्याने जवखार, म्हणजे यवक्षार, हाताळलाय त्याला हे बघताक्षणी कळतं, हवेतलं पाणी ओढून घेतो तो. यवक्षार म्हणजे जवाची रोपं जाळायची, राख पाण्यात कालवायची, गाळायची आणि ते पाणी आटवायचं, मागे राहतो तो क्षार. त्यात मुख्यत्वे पोटॅशियमचेच क्षार असतात. आणि चंद्रप्रभेतही यवक्षार असतोच, त्याचा पाठच (ग्रंथातली ठरलेली कृती) तसा आहे. पुनर्नवा म्हणजे आपली घेटुळी आणि गोखरू म्हणजे सराटे, दोन्हीत पोटॅशियम चांगलं असतं. शहाळ्याच्या १०० मिली पाण्यात साधारण २५० मिलिग्रॅम पोटॅशियम, म्हणजे एका शहाळ्यात सहा-सातशे सहज. कमी सोडियमच्या मिठात सोडियम काढून त्या जागी पोटॅशियम क्लोराईड घातलेलं असतं. टेल्मिसार्टन किडनीसाठी चांगलं औषध आहे पण ते पोटॅशियम बाहेर जाऊ देत नाही. आणि सोड्याच्या गोळ्या बंद केल्या की रक्तातली आम्लता वाढते आणि पेशींच्या आतलं पोटॅशियम बाहेर रक्तात येतं. एकेक गोष्ट सुटी बघितली तर कुणालाही निरुपद्रवी वाटेल, टेबलावर सगळी एकत्र बघून माझ्या हाताला घाम आला.

त्याच तासात शेजारच्या फिजिशियनकडे ईसीजी आणि इलेक्ट्रोलाइट्स (रक्तातले क्षार). पोटॅशियम ६.६, म्हणजे जिवाला धोका होईल इतकं. ईसीजीत टी वेव्ह भाल्यासारख्या टोकदार. पाय उचलत नव्हते ते ह्यामुळे, आणि पायानंतर नंबर हृदयाचा असतो. पोटॅशियमने हृदय बंद पडतं तेव्हा आधी छातीत दुखत नाही, माणूस बसल्या जागी जातो.

सोलापूरला तातडीने पाठवलं. कॅल्शियम, इन्शुलिन-ग्लुकोज, नेब्युलायझर, त्यावर भागलं, डायलिसिस लागलं नाही. तीन दिवसांत ५.२. तिथल्या डॉक्टरांनी सिस्टॅटिन सी नावाची टेस्ट केली, ती स्नायूंवर फारशी अवलंबून नसते. तिच्यावरून ईजीएफआर १२ निघाला. म्हणजे पाचवी स्टेज. मुलगा तो रिपोर्ट घेऊन माझ्या दवाखान्यात बसला होता, काही बोलत नव्हता. मी त्याला एवढंच म्हणलं की बाबा, वडिलांसाठी जीव तोडून धावलास, त्यात तुझी चूक नाही. आणि ते मी मनापासून म्हणलं. चूक त्याची आहे ज्याने १६ ईजीएफआरच्या पेशंटला क्षार देताना पोटॅशियम बघितलं नाही, आणि तो माणूस माझ्याच पॅथीचा आहे ह्याचं मला आजही वाईट वाटतं.

ती विटकरी पुडी आम्ही तपासायला पाठवली नाही, त्यामुळे तिच्यात काय होतं यावर काही म्हणणार नाही. पण लेबल नसलेली रंगीत पुडी किडनीच्या पेशंटने घेऊच नये. आमच्या औषधांत पारा, सोमल (आर्सेनिक) यांचे कल्प, म्हणजे त्यांच्यापासून बनवलेली औषधं, असतात, नीट बनवले नाहीत किंवा मोजमाप सोडून दिले तर किडनीलाच मार बसतो. केरळ-तमिळनाडूकडून गेल्या काही वर्षांत पारा असलेल्या देशी औषधांमुळे आणि गोरेपणाच्या क्रीममुळे लघवीतून प्रोटीन जाणारे कितीतरी पेशंट डॉक्टरांनी नोंदवलेत. आणि वनस्पती आहे म्हणजे सेफ आहे हेही खरं नाही. १९९० च्या दशकात बेल्जियममध्ये वजन कमी करायच्या चिनी वनस्पतींच्या गोळ्यांत चुकून ॲरिस्टोलोकिया ही किडनीला घातक वनस्पती आली आणि शंभराहून जास्त बायकांच्या किडन्या गेल्या, पुढे काहींना मूत्रमार्गाचा कॅन्सरही झाला. त्याच कुळातली ईश्वरी आपल्याकडेही औषधात वापरतात. आपल्या जत्रेत आणि शाळेबाहेर तिखटमीठ लावून मिळणारी कमरख, ती पाच कोनांची आंबट फळं, किडनी गेलेल्या माणसाला एक-दोन खाल्ली तरी उचक्या, भ्रम, फिट्सपर्यंत जाऊ शकतं. हे सगळं झाडावरचंच आहे.

आता खरा प्रश्न, जो घरच्यांनी मला हॉस्पिटलमधून आल्यावर विचारला: मग आयुर्वेदात ह्याला काहीच नाही का?

आहे, पण काय आहे ते खरं सांगायला पाहिजे. आज ज्याला सीकेडी (किडनीचा जुनाट आजार) म्हणतात त्याला एकास एक असा शब्द संहितांमध्ये, म्हणजे आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत, नाही. चरकांनी मूत्रवह स्रोतसाचं (लघवीच्या मार्गाचं) मूळ बस्ती (मूत्राशय) आणि वंक्षण (जांघेचा भाग) सांगितलंय, वृक्क (किडन्या) हे मेदोवह स्रोतसाचं (मेदाच्या, चरबीच्या मार्गाचं) मूळ म्हणून येतात. म्हणजे त्यांच्यासमोर क्रिएटिनिन नव्हतं, पोटॅशियम नव्हतं, त्यांच्याकडून ह्या आजाराचा तयार पाठ मागणं बरोबर नाही. पण त्यांनी एक गोष्ट फार स्वच्छ सांगितली, व्याधींचे साध्य, याप्य आणि असाध्य असे भेद. याप्य म्हणजे बरा न होणारा पण सांभाळत नेता येणारा. सुश्रुतांनी दाखला दिलाय की पडायला आलेल्या घराला नीट लावलेला टेकू जसं घर धरून ठेवतो तसं याप्य रोग्याला योग्य उपचार धरून ठेवतात. आणि चरकांनी सांगितलंय की असाध्याला हात घालणाऱ्या वैद्याचं धन, विद्या आणि यश तिन्ही जातं. म्हणजे "९० दिवसांत किडनी नवी" म्हणणारा माणूस आधी चरकांचा अपराधी आहे, ॲलोपॅथीचा नंतर. कायद्यानेही, १९५४ च्या जादुई उपचारांच्या जाहिरातींविरुद्धच्या कायद्यात ज्या आजारांच्या जाहिराती करायला बंदी आहे त्या यादीत मधुमेह आहे आणि ब्राइट्स डिसीज आहे, जे किडनीच्या आजाराचं जुनं नाव.

पुनर्नवा, गोखरू, वरुण यांवर अभ्यास झालेत, पण माझ्या वाचनात आलेले बहुतेक छोटे आणि काही आठवड्यांचे, आणि बहुतेकांत मोजलंय काय तर क्रिएटिनिन आणि युरिया. आणि क्रिएटिनिन कसं फसवतं ते वर बघितलंच. मी स्वतः पहिल्या-दुसऱ्या स्टेजला, सूज असेल तर, दर महिन्याला पोटॅशियम बघून घेटुळी वापरते. चौथी-पाचवी स्टेज आणि वर टेल्मिसार्टनसारखी गोळी चालू असेल तर वापरत नाही.

काकांसाठी मी आणि सोलापूरच्या डॉक्टरांनी फोनवर बोलून वाटणी करून घेतली. औषधं सगळी त्यांची: टेल्मिसार्टन आधी बंद आणि मग पोटॅशियम बसल्यावर कमी डोसने, सोड्याच्या गोळ्या, इन्शुलिन, रक्तवाढीचं इंजेक्शन. पोटात घ्यायचं आयुर्वेदिक औषध शून्य. माझ्याकडे ताट, पोट साफ होणं, खाज, झोप, आणि घरच्यांची समजूत.

पंचकर्म करून "क्रिएटिनिन काढून टाका" असं काकांच्या मेव्हण्याने फार लावून धरलं होतं. मी नाही केलं. विरेचनात (औषधाने जुलाब करवतात त्यात) शरीरातलं पाणी जातं, बीपी पडतं, आणि १२ टक्क्यांवर चाललेल्या किडनीला रक्त कमी पोचलं की ती आहे ती पण बसते. स्वेदन (शेकून घाम काढणं), तेही बार्शीच्या एप्रिलमध्ये ४२ डिग्रीत, नको. बस्तीत (गुदमार्गाने देतात त्या औषधात) सैंधव असतं. लोकांना सैंधव म्हणजे औषधी मीठ वाटतं, पण ते जवळजवळ सगळं साधं मीठच आहे, गुलाबी असलं तरी.

ताटाचं मात्र मन लावून केलं. शिबिरवाल्यांनी डाळ बंद करून मांस घालवलं होतं, मी डाळ परत सुरू केली तेव्हा काकू घाबरल्या. किलोमागे ०.८ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन बसवलं. काका माळकरी, अंड्याचा प्रश्नच नाही, म्हणून दुपारी अर्धी वाटी तुरीचं वरण, रात्री मुगाचं, एक वाटी दही, कधी घरचं पनीर. दीड-दीड भाकरी, भात थोडा, आणि वजन वाढावं म्हणून भातावर तूप. भाजी बारीक चिरायची, गरम पाण्यात घालून ठेवायची, मग भरपूर पाण्यात उकळून वेळायची आणि ते पाणी टाकून द्यायचं. काकू म्हणल्या, "आवं त्यातलं सत्त्व जातंय की समदं." मी म्हणलं काकू, काकांच्या बाबतीत ते सत्त्वच जायला पाहिजे. दोडका, दुधी, पडवळ, तोंडली, कोबी चालेल. पालक, चुका, बटाटा, टोमॅटो, शेवगा नको. गुळाचा चहा बंद, कारण गुळातही पोटॅशियम भरपूर. शेंगाचटणी बंद, आणि सोलापूर जिल्ह्यात माणसाची शेंगाचटणी बंद करणं म्हणजे काय ते इथल्याच माणसाला कळेल. पापड बंद, मीठही आहे आणि पापडखारही. शहाळं बंद. "जास्त पाणी प्या, किडनी धुऊन निघते" हेही बंद, सूज होती, दिवसाला दीड लिटरच्या आत.

मग जूनमध्ये आषाढी आली. २९ जून २०२३. काकांनी चाळीस वर्षांत एकही एकादशी मोडलेली नाही. आणि उपासाचं ताट बघा: साबुदाण्याची खिचडी शेंगदाणे घालून, रताळं, बटाट्याची भाजी, राजगिऱ्याचा लाडू, केळं, खजूर, वर शेंगदाण्याची आमटी. पोटॅशियमच्या दृष्टीने ह्याच्याइतकं वाईट ताट मुद्दाम ठरवून मांडता येणार नाही. पूर्ण निर्जळी केलं तर शुगर पडायची, इन्शुलिन चालू. मी आठवडाभर आधी घरी गेले. उपास सोडा असं म्हणलेच नाही, ते त्यांनी ऐकलं नसतं आणि मला म्हणवतही नव्हतं. भगर, म्हणजे वरईचा भात, तुपा-जिऱ्याची फोडणी देऊन, सोबत दही आणि काकडी, संध्याकाळी थोडी साबुदाण्याची खीर साखर अगदी बेताची घालून. शेंगदाणा नाही, रताळं नाही. इन्शुलिन किती घ्यायचं ते सोलापूरला विचारून. काका बराच वेळ गप्प होते, मग म्हणले, "ताई, पांडुरंगाला भगर चालती न्हवं?" काकू आतून म्हणल्या, "त्याला समदं चालतंय, तुमाला काय चालतंय ती बगा." एकादशीनंतर दोन दिवसांनी पोटॅशियम केलं, ५.१ आलं. मला त्या आकड्याने झाला तेवढा आनंद क्वचित झाला असेल.

अंगाला खाज फार होती, रात्रभर खाजवून पाठीवर ओरखडे. आंघोळीआधी खोबरेल, नंतर अंग ओलसर असतानाच परत हलका हात, गरम पाणी नाही, साबण फक्त काखेत-जांघेत. फरक पडला, पूर्ण गेली नाही. झोपेसाठी पादाभ्यंग सांगितला, रात्री काकूंनी तळपायांना काशाच्या वाटीने हलकं तूप चोळायचं. ह्यात माझी एक अट होती. शुगरच्या पेशंटच्या पायाला संवेदना कमी असते, त्यामुळे जोर लावायचा नाही, आणि चोळायच्या आधी बॅटरी मारून दोन्ही तळवे आणि बोटांच्या बेचक्या बघायच्या. मे महिन्यात एका रात्री काकूंना उजव्या टाचेला भेगेत पू दिसला. काकांना काहीच दुखत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सर्जनकडे, आठ दिवसांत भरलं. वाटीने झोप किती लागली हे मी मोजू शकत नाही, काका म्हणतात लागते.

पोट साफ होण्यावर मी फार लक्ष दिलं, कारण किडनी थकली की पोटॅशियमचा बराच भाग आतड्यातून जातो, बद्धकोष्ठ असेल तर तोही रस्ता बंद. इथे मी साधं लॅक्टुलोजचं सिरप चालू ठेवलं. इसबगोलाला पाणी भरपूर लागतं आणि पाणी मोजून होतं. आमचा त्रिफळा कपाटात तसाच राहिला, ह्यात कमीपणा कसला.

फिस्टुलावर सगळ्यात जास्त वेळ गेला. "एकदा डायलिसिस लागलं की सुटत नाही" ही भीती घराघरात आहे. खरं म्हणजे किडनी गेलेली असते म्हणून डायलिसिस सुटत नाही. आणि फिस्टुला म्हणजे डायलिसिस नव्हे, हाताची शीर आणि धमनी जोडून ठेवायची, ती फुगून तयार व्हायला सहा-आठ आठवडे किंवा जास्त लागतात. आधी केली नाही तर ऐनवेळी मानेत नळी घालावी लागते आणि त्या नळीतून जंतुसंसर्ग होतो. मी काकांना म्हणलं, तुम्ही घाटात ब्रेक लागतो का ते घाट लागायच्या आधी बघत होता का नंतर? ते लगेच म्हणले, "आधी. आदुगर डेपोतच." जुलैमध्ये डाव्या हाताला फिस्टुला झाला, सोबत काविळीची, हिपॅटायटिस बीची लसही सुरू केली. रोज सकाळी काकू तिथे बोटं ठेवून बघायच्या, मांजर मांडीवर गुरगुरतं तशी थरथर लागते, ती लागली की बरं. डाव्या हाताला बीपीचा पट्टा नाही, रक्त काढायचं नाही, पिशवी अडकवायची नाही.

डिसेंबर २०२३ पर्यंत वजन ६३, सूज जवळजवळ नाही, दंड भरलेला. क्रिएटिनिन ५.६. मुलाचा चेहरा परत पडला, मार्चमध्ये ३.६ होतं की! मी त्याला वडिलांकडे बघायला सांगितलं. जिना चढत होते, शेतात जाऊन येत होते. त्या ३.६ ला माणूस मरणाच्या दारात होता.

फेब्रुवारी २०२४ मध्ये मळमळ, तोंडाला लघवीसारखा वास, जेवण जाईना, क्रिएटिनिन ६.९. ठरवून, चालत जाऊन डायलिसिस सुरू केलं, पहिल्याच दिवशी फिस्टुलातून. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसलं, त्यामुळे पाटल्या सुटायला उशीर झाला तरी अजून काही गहाण पडलं नाही. मार्च २०२३ ते फेब्रुवारी २०२४, अकरा महिने मिळाले. ते माझ्या ताटामुळे मिळाले, सोलापूरच्या डॉक्टरांच्या गोळ्यांमुळे, का किडनीचा तेवढाच दम होता, हे एका पेशंटवरून सांगता येत नाही आणि मी सांगणारही नाही. त्या अकरा महिन्यांत पोटॅशियम एकदाही ५.५ च्या वर गेलं नाही एवढं मात्र फाईलमध्ये आहे.

डायलिसिस सुरू झाल्यावर ताट परत बदललं, आता प्रोटीन वाढवायचं, पाणी आणखी मोजायचं, भाजी वेळणं चालूच. काकू आता हे माझ्यापेक्षा भराभर सांगतात, सेंटरमध्ये शेजारच्या खुर्चीवरच्या पेशंटच्या सुनेला त्यांनीच शिकवलं.

परवा दुपारी काकांचा फोन आला, मागे मांडवाचा गोंधळ ऐकू येत होता. "ताई, भाच्याच्या लग्नात हाय. पंगतीत कढी आली, पाण्यात मोजायची का?" मी म्हणलं मोजायची, अर्धी वाटी घ्या. "आणि मठ्ठा?" म्हणलं कढी का मठ्ठा ते एक ठरवा. थोडा वेळ विचार करून म्हणले, "मग कढीच."